मशीन परत परत खाली दोरा गोळा करतेय? घरात मांजर असेल तर आधी हे बघा

ज्यांच्या घरी शिलाई मशीन आणि मांजर दोन्ही आहे त्यांच्यासाठी लिहितेय, कारण हा त्रास मी जवळजवळ दीड वर्ष काढलाय आणि त्यात तीन वेळा मशीन रिपेअरला टाकली, दर वेळी पंधरा-वीस दिवस मस्त चालायची आणि मग परत तेच. वरून टीप सरळ दिसते, कापड उलटं केलं की खाली दोऱ्याचं जाळं. कधी त्याच्या उलटं, खालचा दोरा वर ठिपक्या-ठिपक्यांनी डोकावतो. कधी मधलेच दोन-तीन टाके सुटतात. आणि कधी मशीन चालतेय पण कापड पुढे सरकतच नाही, एकाच जागी टाके एकावर एक बसतात.

मी जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या आणि भिंतीवर लावायचे पॅनल करते, पुण्यात, घरीच. तुकडे मशीनवर जोडते आणि वरचा धावदोरा हाताने घालते. लोक आजीची नऊवारी आणतात, आईची इरकल आणतात, कधी नुसता पदर उरलेला असतो तोच आणतात. अशा साडीचं कापड इतकं विरलेलं असतं की चुकलेली टीप उसवायला गेलं तर सुईच्या भोकांच्या ओळीवरच ते फाटतं, म्हणजे उसवायची संधी एकदाच मिळते, कधी तेवढीही नाही. त्यामुळे दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, बिघडलंय ते नंतर बघू असं माझ्या कामात चालत नाही. एका गोधडीत पदराचा एक तुकडा असाच गेला, काठ वाचला पण मधली बुट्टी फाटली. त्या ताईंना फोन करून सांगताना मला काय वाटलं ते इथे लिहीत नाही.

घरात दोन मांजरं आहेत. बंड्या केशरी बोका आणि ठकी, काळी-पांढरी. दोघंही रस्त्यावरून आलेली.

तर आधी ते कारण कसं सापडलं ते सांगते. तीनदा दुकानात दिली तेव्हा तिथे साफ केली, तेल घातलं, परत दिली, त्यात त्यांची काही चूक नव्हती कारण मशीन एकटीच त्यांच्याकडे जात होती. चौथ्या वेळी शेजारच्या वहिनींनी घरी येणाऱ्या मशीनवाल्या काकांचा नंबर दिला. काका आले, चहा घेतला, मशीन उघडायच्या आधी खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "ताई, मांजर कुठं झोपतं?" मी म्हटलं मशीनवरच, मशीन बंद असली की तिथेच, नाहीतर साड्यांच्या घडीवर. मग त्यांनी बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची बॉबिन जिच्यात बसते ती डबी, काढली, टाचणीचं टोक तिच्या बाजूच्या पत्र्याच्या पट्टीखाली घातलं आणि हळूच ओढलं. नखाएवढी करडी चकती बाहेर आली, दाबून दाबून नमद्यासारखी झालेली, आणि तिच्यातून एक केशरी केस सरळ उभा राहिला होता. "तुमची मशीन बिघडलेली नाही," काका म्हणाले, "भरलेली आहे."

हे वाक्य मला खूप उपयोगी पडलं. मी दीड वर्ष मशीन दुरुस्त करत होते, पण केस यायचा रस्ता कोणीच बंद केला नव्हता.

आता एकेक लक्षण घेऊन सांगते, कारण लक्षण बघून केस कुठे अडकलाय ते बऱ्यापैकी कळतं.

खाली जाळं होत असेल तर सगळे जण बॉबिनला दोष देतात, मी पण द्यायचे, स्क्रू फिरवत बसायचे. पण खाली दिसणारे ते फासे बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचे असतात. विश्वास बसत नसेल तर वर लाल आणि बॉबिनला पांढरा दोरा लावून चिंधीवर टीप मारा, खाली लाल जाळं दिसलं की समजायचं वरचा दोरा सैल आहे. तो सैल का, तर टेन्शनच्या, म्हणजे वरच्या दोऱ्याला दाबून धरणाऱ्या, दोन चकत्यांच्या मध्ये केस किंवा दोऱ्याचा भुसा बसलाय आणि त्या नीट मिटत नाहीयेत, किंवा दोरा चकत्यांच्या मध्ये गेलेलाच नाही. दुसरी गोष्ट फार जणांची होते. कापड दाबणारा पाय खाली असताना चकत्या मिटलेल्या असतात, तेव्हा दोरा ओवला तर तो आत न जाता वरूनच जातो. म्हणून पाय वर उचला, मग दोरा ओवा, मग पाय खाली करून सुईजवळ दोरा ओढून बघा, आता तो जड लागला पाहिजे. जड लागत नसेल तर चकत्या साफ करायच्या. त्यासाठी जुन्या सुती साडीची एक बारीक पट्टी कापा, पाय वर ठेवून ती चकत्यांच्या मधून दोन्ही हातांनी पुढे-मागे ओढा, दात साफ करायच्या दोऱ्यासारखी. पहिल्या वेळी माझ्या पट्टीवर काळी रेघ आली आणि ठकीचे चार पांढरे केस.

खालचा दोरा वर दिसत असेल तर मात्र बॉबिन केस बघायची. तिच्या अंगावर जी पातळ वाकडी पट्टी असते तिच्याखालून दोरा बाहेर येतो आणि तीच पट्टी दोऱ्याला दाबून धरते, तिच्याखाली केस गेला की पट्टी उचललेली राहते आणि खालचा दोरा सैल सुटतो, मग वरचा दोरा त्याला ओढून वर आणतो. तपासायचं कसं, तर भरलेली बॉबिन तिच्या डबीत घालून दोरा बोटात धरा आणि डबी हवेत लटकवा. नुसती लटकली तर खाली यायला नको, हाताला थोडा झटका दिला की दोन-तीन बोटं खाली येऊन थांबली पाहिजे. सरसर खाली आली तर सैल, झटका देऊन पण हलली नाही तर घट्ट. ही परीक्षा मी आता रोज सकाळी पहिली बॉबिन घालताना करते, दहा सेकंद लागतात. स्क्रूला हात लावायच्या आधी पट्टीखालून टाचणी फिरवा, जाड कागदाचा कोपरा फिरवला तरी चालतो. दहातल्या नऊ वेळा स्क्रूची गरजच पडत नाही, आणि मी आधी तो इतक्या वेळा फिरवला होता की काकांना तो मूळ जागी आणायलाच अर्धा तास लागला.

कापड सरकत नसेल तर सुईखालची स्टीलची प्लेट काढायची, साधारण दोन स्क्रू असतात. खाली दात्यांच्या ओळी असतात आणि त्या ओळींच्या मधल्या खाचेत भुसा आणि केस ठासून बसतात, इतके की दाते पुरेसे वर येऊच शकत नाहीत आणि कापडाला पकडत नाहीत. इथे ब्रश चालत नाही, टाचणीने किंवा दात कोरायच्या काडीने उकरायचं, लांब पट्ट्या निघतात. मी टाक्याची लांबी वाढवून वाढवून बघत बसले होते, त्याने काय होणार.

टाके सुटत असतील तर आधी सुई बदला. खरंच, बाकी काही करू नका, आधी सुई. माझा नियम आता साधारण आठ तास शिलाई झाली की नवीन सुई, आणि मध्ये टाचणीवरून गेली तर लगेच. जुनी सुई नखावर टोकाने हलकेच ओढली आणि ओरखडा आला तर टोक मोडलंय. कापडाप्रमाणे नंबर: एकेरी सुती साडीला ११, दोन-तीन थरांना १४, गोधडीच्या चार-पाच थरांना १६. नवीन सुई लावताना चपटी बाजू कुठल्या दिशेला होती ते जुनी काढतानाच बघून ठेवा, कारण सगळ्या मशीनमध्ये ती एकाच बाजूला नसते, आणि उलटी बसली की मशीन एकही टाका धड घेत नाही. रविवार पेठेत गेले की मी ११, १४, १६ तिन्हीची पाकिटं एकदम आणते.

आता साफसफाई. समोरून बॉबिन केस बसते अशी घरगुती मशीन माझ्याकडे आहे, तिच्याबद्दलच सांगते. आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही, प्लगच काढा, कारण बंड्या एकदा पेडलवर उभा राहिला तेव्हा माझं बोट सुईखाली होतं, बटण बंद करायचं राहून गेलं होतं आणि सुई नखाला घासून गेली. मग चाक हाताने फिरवून सुई सगळ्यात वर आणा, बॉबिन केस काढा, दोन बाजूंचे छोटे खटके बाहेर ओढले की कडं निघतं आणि त्याच्या आतला अर्धचंद्रासारखा हुक मधल्या पिनला धरून बाहेर येतो. आतली गोल जागा ब्रशने झाडा. रंगवायचा जुना ब्रश घ्या, केस ताठ असलेला. फुंकर मारू नका आणि हवेचा स्प्रे पण नको, त्याने केस बाहेर येत नाहीत, अजून आत मोटरकडे जातात आणि तोंडातली वाफ लोखंडावर बसते ते वेगळंच. मग हुक परत बसवा, अर्धचंद्र आणि समोरचा भाग मिळून पूर्ण गोल झाला पाहिजे, कडं लावून खटके आत दाबा आणि चाक हाताने दोन वेळा फिरवून बघा, अडलं तर जबरदस्ती करू नका, परत उघडा.

तेल एकच थेंब, हुक जिथे घासून फिरतो तिथे. शिलाई मशीनचं पांढरं पातळ तेलच घ्या. खोबरेल घालू नका, आमच्याकडे आजी घालायची आणि मी पण एकदा घातलं होतं, थंडीत बाटलीतलं खोबरेल जसं गोठतं तसंच ते मशीनच्या आत घट्ट होतं आणि मग केस त्यात चिकटून राळेसारखं काहीतरी तयार होतं जे ब्रशने निघतच नाही. मांजरांच्या घरात जास्त तेल पण वाईटच, ओल्या जागी केस चिकटतो. तेल घातल्यावर पाच मिनिटं चिंधीवर मशीन चालवा, नाहीतर पहिला डाग कोणाच्या तरी साडीवर पडेल.

हे सगळं करून मशीन चालेल, पण पंधरा दिवसांनी परत तेच होईल, जसं माझं व्हायचं. कारण केस हवेतून फार येत नाही, कापडाबरोबर येतो. ठकी साड्यांच्या घडीवर झोपायची, ती साडी मी कापायचे, शिवायचे, आणि सुईखालून जाताना सगळे केस खाली झडायचे. म्हणून खरा बदल मशीनच्या बाहेर करावा लागला.

पहिलं म्हणजे दोघांना त्यांची स्वतःची जागा. मांजराला टेबलावर येऊ नको म्हणून काही होत नाही, त्याला मशीनपेक्षा चांगली जागा द्यावी लागते. मी निरीक्षण केलं तेव्हा कळलं की ठकीला मशीनच्या दिव्याची ऊब हवी असते आणि बंड्याला मी जिथे आहे तिथे असायचं असतं, म्हणजे दोघांचं कारण वेगळं. ठकीसाठी खिडकीत सकाळचं ऊन येतं तिथे उरलेल्या तुकड्यांची छोटी वाकळ घातली, ती दोन दिवसांत तिकडे गेली. बंड्यासाठी माझ्या खुर्चीच्या शेजारी तेवढ्याच उंचीचं स्टूल ठेवलं, वर माझा जुना न धुतलेला कुडता, माझा वास असलेला. तो अजूनही अधूनमधून पाय टेबलावर टाकतो पण अंगाने स्टुलावर असतो.

दुसरं, साड्या उघड्या ठेवायच्या नाहीत. झाकणाच्या पत्र्याच्या ट्रंकेत, वर सुती पंचा. मशीनला जुन्या चादरीचं खोळीसारखं झाकण शिवलं, काम थांबवून जेवायला उठले तरी ते घालते.

तिसरं, काम सुरू करायच्या आधी दोघांना बाल्कनीत पाच-पाच मिनिटं रबरी ब्रशने विंचरते. उन्हाळ्याच्या तोंडाला फार केस निघतात, मुठीएवढे. कापड आधी बाल्कनीत झटकायचं, मग ओल्या रबरी हातमोज्याने एकाच दिशेने पुसायचं, केस गोळा होऊन वळकटी होते आणि उचलता येते. धुवायच्या आधी हे करा, धुतल्यावर ओले केस धाग्यात घट्ट बसतात. सिंथेटिक कापडाला केस फार चिकटतात, कोरड्या हवेत तर झटकून पण जात नाहीत, म्हणून मी शिवताना अंगात सुतीच घालते आणि टेबलावर पण सुतीच चादर.

ज्यांना गोधडी द्यायची त्यांना घरात मांजरं आहेत हे मी ऑर्डर घेतानाच सांगते. केस काढले म्हणजे झालं असं नाही, मांजराच्या ॲलर्जीचं कारण केसापेक्षा त्याच्या लाळेत आणि कातडीच्या तेलात असतं, ते अंग चाटल्यावर केसावर आणि मग कापडावर वाळतं. म्हणून पूर्ण झालेली प्रत्येक गोधडी धुऊन, उन्हात वाळवून, पिशवीत बंद करूनच देते. एका कुटुंबाने ऐकून नको म्हटलं, त्यांच्या मुलाला दमा होता. आधीच सांगितलं ते बरंच झालं.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं आहे ते. मशीनचं एक वेळ जाऊ द्या. दोरा.

गेल्या पावसाळ्यात ठकी दोन वेळा उलटी करून कोपऱ्यात बसली, जेवेना. जवळ घेतलं तर तोंडाच्या कडेला लाल दोऱ्याचं टोक दिसलं, माझाच धावदोऱ्याचा दोरा. माझा हात आपोआप ओढायला गेला. नशिबाने आधी डॉक्टरांना फोन लावला आणि त्या ओरडल्याच, "ओढू नका! हात लावू नका, तशीच घेऊन या." मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो आतच जातो. आणि दोऱ्याचं एक टोक जिभेखाली अडकलं आणि दुसरं पुढे आतड्यात गेलं की आतडं त्या दोऱ्यावर नाडी ओढल्यासारखं चुण्या पडून गोळा होतं. अशा वेळी बाहेरून ओढलं तर दोरा आतड्याला करवतीसारखा कापतो. आपण नाडी ओढून परकराला चुण्या पाडतो ना, अगदी तसं, मला ते ऐकल्यावर डोळ्यासमोर लगेच दिसलं. ठकीचा दोरा जिभेखाली वेटोळं घालून बसला होता. त्यांनी भूल देऊन तो तिथे कापला, एक्स-रे काढले, दोन दिवस ठेवून घेतलं, आणि बाकीचा दोरा तिच्या शीतून बाहेर आला. ऑपरेशन करायला लागलं नाही, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की अजून उशीर झाला असता तर करायला लागलं असतं. शीच्या जागी दोरा लोंबताना दिसला तरी हेच, ओढायचा नाही, डॉक्टर. उलट्या, न जेवणं, मलूल बसणं यातलं काही दिसलं आणि घरात शिवणकाम असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा की मी शिवते, दोरा असू शकतो.

तेव्हापासून कापलेला प्रत्येक तुकडा, बोटभर असला तरी, झाकणाच्या बरणीत. मशीनच्या डाव्या हाताला लोणच्याची जुनी बरणी ठेवलीय, कात्री चालली की डावा हात तिकडेच जातो. रीळ मशीनवर ठेवून उठायचं नाही. हाताच्या कामाची सुई ओवलेली असेल तर ती डबीतच, उशीत टोचून सोडायची नाही, कारण मांजर दोरा ओढतं आणि मागोमाग सुई येते. टाचण्यांसाठी जुन्या स्पीकरचा लोहचुंबक बशीखाली चिकटवलाय, आणि काम संपलं की तोच जमिनीवरून फिरवते. सुया मोजून घेते, मोजून ठेवते, एक कमी असली तर ती सापडेपर्यंत दोघं दुसऱ्या खोलीत.

आता मशीनचं म्हणाल तर सात महिने झाले, रिपेअरला गेली नाही. दर चार बॉबिनला एकदा बॉबिन केस काढून ब्रश मारते, आठवड्यातून एकदा प्लेट काढते. पहिल्या आठवड्यात प्लेटखालून चिमूटभर निघायचं, आता दोन-चार केस निघतात.

वरचं सगळं केलं, सुई नवीन, दोरा बरोबर, चकत्या साफ, आणि तरी टाके सुटतायत किंवा आतून टक-टक आवाज येतोय, तर बहुधा हुक आणि सुईची वेळ जुळत नाहीये, ते घरी करू नका, जाणकार माणसाला बोलवा. आणि शक्यतो घरी बोलवा, दुकानात नेऊ नका, म्हणजे त्यांना खोली पण दिसेल. ते यायच्या आधी मांजरं दुसऱ्या खोलीत ठेवून दार लावून घ्या, कारण काका काढलेले बारीक स्क्रू बशीत ठेवतात आणि बंड्याला टेबलाच्या कडेवरची बशी खाली ढकलायची सवय आहे. प्लेटचा एक स्क्रू आम्हाला त्या दिवशी कपाटाखाली सापडला, संध्याकाळी, चुंबक फिरवून.